अंगणातला बोरघाट

लोणावळा, मळवली, कामशेत, वडगाव, देहूरोड या पट्ट्यात आपल्या समाजाची अशी पुष्कळ घरं सापडतील, की ज्यांच्या आजोबांनी रेल्वेच्या गँगमध्ये जन्म काढला, वडलांनी त्याच गँगमध्ये मुकादमापर्यंत मजल मारली आणि नातवंडं आता कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी तळेगाव-चाकणच्या कारखान्यात आहेत. आमची सात घरं त्यातलीच. या सात घरांनी मिळून मळवलीजवळ एका घराच्या परसात छोटी रेल्वे घातली आहे. रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर, इंजिनाच्या पोटात बारा व्होल्टची बॅटरी, डबे प्लायवुडचे आणि पत्र्याचे. डोक्यावर छप्पर नाही. समोर लोहगड-विसापूर आणि खाली आमची गाडी.

इंग्लंड-अमेरिकेत अशा बागेतल्या रेल्वेचे शौकीन पुष्कळ आहेत. वेळापत्रक लावून, कामं वाटून घेऊन ते दिवसभर गाड्या चालवतात. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. मुलांना दाखवण्यासारखं आहे, जरूर दाखवा. पेशवे पार्कातली फुलराणी तर १९५६ सालची. पण फुलराणीत बसून फेरी मारायची असते आणि संग्रहालयात काचेपलीकडे बघायचं असतं. आम्हाला रेल्वे चालवायची होती, म्हणजे सिग्नल, काटा, गार्डाची झेंडी, खडी, सगळ्यासकट.

परसाला मागच्या टेकाडाचा उतार आहे. त्यामुळे घाट कोणता बांधायचा याची चर्चाच झाली नाही. खाली नळाजवळ कर्जत, वर पेरूच्या झाडाखाली लोणावळा. बोरघाटात रूळ दर ३७ फुटांना एक फूट चढतो. आम्हीही तेच प्रमाण धरलं. ७४ फुटांत दोन फूट. कागदावर हे फार वाटत नाही. पण इंजिनाला चार डबे लावले की ते कुरकुरत चढतं आणि सहा लावले की चाकं जागच्या जागी फिरतात. मग मागून दुसरं इंजिन लावावं लागतं. कर्जतला खऱ्या गाडीच्या मागं दोन-तीन इंजिनं का लावतात, हे पोरांना एका मिनिटात कळलं. 'बँकर, बँकर' म्हणून ती ओरडू लागली.

उतरताना गंमत वेगळी. खऱ्या घाटात उतरणारी गाडी जागोजाग थांबवतात. काटा आधी मुद्दाम बाजूच्या चढत्या रुळाकडं लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे, थांबते आहे, हे दिसलं की मगच पुढचा रस्ता मिळतो. ब्रेक सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन आपोआप दमते. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. आमच्या घाटात असं एक सायडिंग कढीपत्त्याच्या झाडाशी आहे. आणखी एक गोष्ट मुलांना कितीही सांगितली तरी पटत नाही. मध्य रेल्वेवर मुंबईकडं जाणारी गाडी 'अप' आणि पुण्याकडं येणारी 'डाऊन'. म्हणजे घाट उतरते ती अप आणि चढते ती डाऊन! "हे कुणी ठरवलं?" असं दरवेळी कोणीतरी विचारतंच.

वर्षातून तीन-चार वेळा आम्ही सगळे जमून दिवसभर गाड्या चालवतो. पावसाळ्यात अर्थातच नाही. मावळातला पाऊस खरा घाट धुऊन नेतो तिथं आमच्या खडीचं काय! यंदाचा मोठा दिवस फेब्रुवारीतल्या एका रविवारी ठरला. तारीख मुद्दाम धरली होती, त्याचं कारण पुढं येईल.

सकाळी बुद्धवंदना झाली, पोहे झाले. मग कामांच्या चिठ्ठ्या. ड्रायव्हर दोन, बँकरचा ड्रायव्हर एक, गार्ड दोन, स्टेशनमास्तर, पॉइंटसमन, गँगमन. रूळ एकेरी आहे, म्हणून दोन स्टेशनांत एका वेळी एकच गाडी. त्यासाठी वेताच्या कडीत एक मोठी गोटी ठेवली आहे. एकेरी मार्गावर पूर्वी ड्रायव्हरच्या हाती टोकनचा गोळा देत, तसं. गोटी हातात असल्याशिवाय इंजिन हलवायचं नाही. चिठ्ठ्या उघडल्या आणि अण्णांच्या नातवाच्या चिठ्ठीत निघालं 'गँगमन'.

पोरगं नववीत आहे. त्यानं चिठ्ठी चुरगाळली. म्हणाला, "आजोबांनी तेच केलं, पणजोबांनी तेच केलं. मी खेळातही तेच करू का?"

सगळे गप्प झाले. अण्णा ओट्यावर बसले होते. पस्तीस वर्षं गँगमध्ये काढलेला माणूस. पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन घाटातली गस्त, दरड कोसळली का, रुळाखालची खडी वाहिली का, एकेक चावी ठोकत पुढं जायचं. ते काहीच बोलले नाहीत. हसून कोणी विषय बदलला असता तर बदललाही असता, पण आमच्यातल्या शिक्षिका ताईंनी तसं होऊ दिलं नाही. त्या म्हणाल्या, "त्याचा प्रश्न बरोबर आहे. आज हाच प्रश्न बोलायचा दिवस आहे."

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्ष बाबासाहेब. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी तिथं सांगितलं ते आपल्याला ठाऊक आहे. जयंतीच्या भाषणांत ते हमखास येतं. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या आपल्या माणसाचा हिशेबही मांडला होता आणि तो फार कोणी सांगत नाही. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधा पोर्टरही होता येत नाही. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात आणि सवर्ण मास्तरच्या घरात अस्पृश्य कसा चालेल! कारकुनी नाही, कारखान्यात मिस्त्रीपण क्वचित, फोरमनकी तर नाहीच. ताईंनी हे सोप्या शब्दांत सांगितलं. तेव्हा अण्णा पहिल्यांदा बोलले. "माझ्या बापानं पोर्टरसाठी अर्ज केला होता. परत आला. का आला ते त्यांना कोणी सांगितलं नाही, पण त्यांना माहीत होतं."

आमच्यात गँगच्या कामाचं उगाच कौतुक करण्याची एक रीत पडते आहे, ती आम्हाला पसंत नाही. घाम, कष्ट, मातीचा सुगंध वगैरे. ते काम कोणी हौसेनं निवडलं नव्हतं. दुसरी दारं बंद होती. पण ते काम हलकं होतं असं म्हणणंही खोटं आहे. १८५६ साली बोरघाटाचं काम सुरू झालं आणि १८६३ साली गाडी घाटातून जाऊ लागली. एका हंगामात चाळीस हजारांहून अधिक माणसं तिथं राबत होती. पटकी, ताप, सुरुंग, कडे. किती मेली त्याची नावानिशी यादी नाही. ठेकेदार ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि ठेका त्याच्या बायकोनं, अॅलिस ट्रेडवेलनं पुढं नेला. तिचं नाव इतिहासात आहे, ते असायलाच हवं. आमच्या मुलींना ती गोष्ट फार आवडते. पण टोपल्या वाहणाऱ्या बायकांचं एकही नाव नाही. इथून जवळच कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेण्यात खांब देणाऱ्यांची नावं आहेत आणि दरवाजा घडवणाऱ्या सुताराचंही नाव कोरलेलं आहे.

असो. चिठ्ठ्या रद्द झाल्या. त्याऐवजी पाळी. दर पाऊण तासाला शिट्टी, शिट्टी झाली की प्रत्येकानं पुढच्या कामावर जायचं. ड्रायव्हरनं पॉइंटसमन व्हायचं, पॉइंटसमननं गार्ड, गार्डानं गँगमन, गँगमननं स्टेशनमास्तर. लहान-मोठा, बाई-पुरुष, इंजिनियर-अडाणी असा भेद नाही. फळ्यावर पाळीचं रोस्टर लिहिलं. रोस्टर म्हटल्यावर आमच्यातले नोकरदार हसले. तो शब्द आपल्या घरांत बढतीच्या भांडणांमुळं माहीत झालेला!

पोरगं गँगमनच्या पाळीवर गेलं, पण तोंड फुगवूनच. दहाच्या सुमारास ऊन चढलं. आमच्यातल्या पॉलिटेक्निकवाल्या मंडळींनी दिवाळीत नवा रूळ बसवला होता, अॅल्युमिनियमच्या पट्टीचा. सांधे एकमेकांना घट्ट भिडवलेले, दिसायला सुरेख. "सांध्यात जागा सोडा रे," असं अण्णा तेव्हाच म्हणाले होते. हिशेब करणाऱ्यांनी हिशेब केला आणि एवढ्याशा रुळाला गरज नाही म्हणून सांगितलं. आता अण्णांनी नातवाला हाक मारली. दोघं उकिडवे बसले. अण्णांनी बोट ठेवलं तिथं रूळ केसाएवढा बाजूला सरकला होता. "हा तापला की अजून सरकंल. आत्ता चाक जाईल, दुपारी जाणार नाही." पोरानं कानस आणली. दोघांनी मिळून चार सांधे मोकळे केले, प्रत्येकात जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढी फट. मग खालची खडी सारखी केली. हे चालू असताना खालून डाऊन गाडी शिट्टी देत निघाली.

"झेंडी," अण्णा म्हणाले.

पोरानं लाल झेंडी धरली. गाडीची ड्रायव्हर होती बँकेतल्या साहेबांची लेक, बारावीतली, मोठी फटकळ. "अरे, वेळ चुकतेय, बाजूला हो!" ती ओरडली. ते हललं नाही. गाडी थांबली. मागचा बँकर थांबला. वर लोणावळ्याचा मास्तर वाट बघत बसला. शिट्टी झाली तरी पाळी बदलली नाही, कारण सेक्शनमध्ये गाडी अडकलेली. अख्खी रेल्वे सात-आठ मिनिटं त्या एका झेंडीपाशी उभी होती. अण्णा नातवाला सांगत होते, "आम्ही झेंडी धरली की मेलसुद्धा थांबायची. आतले साहेब खिडकीतून डोकावायचे. रूळ नीट झाला असं आपण म्हटल्याशिवाय कोणी हलायचं नाही." पोरानं शेवटची चावी ठोकली, बोटानं रूळ तपासला, परत एकदा तपासला, आणि मगच हिरवी दाखवली.

दुपारी भाकरी, पिठलं, ठेचा. जेवताना एक जुना वाद पुन्हा निघाला. आमच्या मार्गावर लोणावळ्याच्या पुढं एक स्टेशन मसूर नावाचं आहे. भूगोल साफ चुकीचा. मसूर तिकडं सातारा-कऱ्हाडकडं. पण १९०१ साली बाल भीमराव भावंडांसोबत वडलांना भेटायला निघाले, ते मसूर स्टेशनावर उतरले. चांगल्या कपड्यांतली मुलं पाहून मास्तर आधी आपुलकीनं बोलला आणि जात कळताच मागं सरला. पुढं बैलगाडी मिळण्यापासून पाणी मिळण्यापर्यंत सगळ्या प्रवासात त्या मुलांचे हाल झाले. ही पाटी लावावी असा आग्रह एका काकांचा होता. आज्यांचा विरोध. त्यांचं म्हणणं, पोरांना खेळू द्या, इथंही ते कशाला? त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पाटी राहिली, पण अडचण अशी झाली की त्या स्टेशनाचा मास्तर व्हायला कोणीच तयार होईना. अगदी पाळीतही नाही. शेवटी एका दुसरीतल्या मुलीनं खुर्ची घेतली. तिनं तिथं पाण्याची कळशी आणि फुलपात्र आणून ठेवलं. जी गाडी येईल तिच्या ड्रायव्हर-गार्डानं आधी पाणी प्यायचं, मगच तिनं गोटी द्यायची. दिवसभर पाणी पिऊन पिऊन सगळे बेजार झाले, पण मास्तरीणबाई ऐकेनात.

मधल्या वेळात शेजारच्या कोंबडीनं मंकी हिलजवळची खडी उकरली आणि कॅच सायडिंगमध्ये मांडी ठोकून बसली. तिला उठवायला दोन गार्ड लागले.

शेवटची गाडी नेहमी एकच असते, देहूरोड स्पेशल. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या दिवशी याच मार्गावरच्या गाड्यांनी आपली माणसं आली असतील, डब्याच्या दारात लोंबकळत आली असतील. म्हणून या गाडीला आम्ही सगळे डबे जोडतो आणि पुढं-मागं मिळून तिन्ही इंजिनं लावतो. तीन ड्रायव्हरांना एकमेकांचा अंदाज घेत चालवावी लागते. एकानं घाई केली की मधला डबा उचलला जातो. यंदा पुढच्या इंजिनावर पाळीनं आले अण्णा. उभ्या आयुष्यात इंजिनाच्या आत पाय ठेवला नव्हता, असं ते म्हणाले. हातात ती चिमुकली पेटी धरताना त्यांचा अंगठा थरथरत होता. नातू पेरूच्या झाडाखाली लोणावळ्याचा मास्तर. त्यानं गाडी पंधरा सेकंद उशिरा आल्याची नोंद वहीत केली, आजोबा म्हणून सूट दिली नाही.

पाच वाजता ताडपत्री घातली, बॅटऱ्या काढल्या. पुण्याकडच्या मंडळींना लोकल गाठायची होती. निघता निघता पुढच्या वेळचं रोस्टर लिहिलं गेलं. पहिल्या पाळीला बँकरवर कोण, यावर आमच्यातली सर्वांत म्हातारी आजी, जिनं घाटात खडीच्या पाट्या वाहिल्या, ती म्हणाली, "माझं नाव लिवा. पर त्ये बटन जरा मोठं करा, मला दिसत न्हाई." पॉलिटेक्निकवाल्यांनी बटणाचं माप लिहून घेतलं आणि त्याखाली अण्णांच्या सांगण्यावरून आणखी एक ओळ टाकली: उरलेल्या बावीस सांध्यांत फट.