नाव तांब्या, अंग पितळेचं

झालं असं की, दिवाळीच्या आधीच्या शनिवारी आईने फर्मान काढलं, "माळ्यावरची पितळेची भांडी घास." मुलुंडच्या आमच्या वन बीएचकेत माळ्यावर काय नाही ते विचारा! समई, घंगाळ आणि आजीचा तांब्या. नाव तांब्या, अंग मात्र पितळेचं.

"चिंच लाव," आजी म्हणाली. पण चिंचेचा कोळ करत कोण बसणार? आपण पडलो इंजिनियर, शॉर्टकट शोधणारच. काचा पुसायचं अमोनियावालं लिक्विड फडक्यावर ओतलं, तांब्या त्यात गुंडाळला, वर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि झोपलो.

रविवारी सकाळी तांब्या चकचकीत! पण गळ्याशी दोन केसासारख्या भेगा. पाणी भरलं तर थेंब थेंब गळायला लागलं. आजी ओरडली नाही. "माझ्या लग्नातला रे तो," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग दुसरं काय करणार, रूट कॉज शोधायला बसलो, आणि पोचलो थेट बंदुकीच्या काडतुसांवर! कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला पॉइंट टू टू रायफलने पाच गोळ्या झाडल्या होत्या. नंतर रिकामी काडतुसं मोजून परत द्यायची. एक कमी भरलं की सगळे गवतात रांगत शोधणार. मला वाटायचं, या भंगाराचं एवढं काय?

अमेरिकेत मोठ्या रायफलींची अशी रिकामी काडतुसं हौशी नेमबाज घरी धुऊन पुन्हा भरतात. (पॉइंट टू टूची सहसा नाही भरत, कारण तिचा पेटणारा मसाला कडेतच असतो.) धुवायला सायट्रिक अ‍ॅसिडचं सौम्य पाणी, नाहीतर फिरत्या डब्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा. एक पथ्य मात्र सगळे पाळतात : अमोनिया नाही.

का? तर त्याचं उत्तर आपल्याच पावसाळ्यात आहे. ब्रिटिश फौजेची भारतात तबेल्याजवळ साठवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. म्हणून या रोगाचं नावच पडलं 'सीझन क्रॅकिंग'. 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कोडं सोडवलं. काडतुसाचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. ते थंड असतानाच ओढून आकार देतात, तेव्हा आत ताण राहतो. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि तो ताण, तिघं एकत्र आले की भेग! उपाय सोपा : काडतूस बेताचं तापवून ताण घालवायचा.

आजीचा तांब्याही पत्रा ठोकून घडवलेला. म्हणजे पन्नासएक वर्षं तो ताण आत घेऊन गप्प बसला होता. मी एका रात्रीत त्याला बोलता केला. चिंचेतलं अ‍ॅसिड फक्त वरचा काळा थर खातं. फार वेळ ठेवलं तर भांडं लालसर पडतं, म्हणून आजी लगेच धुऊन कोरडं करते. यातलं केमिस्ट्रीचं एक अक्षरही तिला माहीत नाही, पण प्रोसेस अगदी बरोबर!

भांड्यांचा दुकानदार म्हणाला, "डाग देतो, पण पिण्याचं पाणी भरू नका." आजी नको म्हणाली. आता ती त्यात जपमाळ ठेवते.

समई आणि घंगाळ मी चिंचेनेच घासली. दोन तास लागले. असो.