पेटीचा जाबता

यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांत, ज्यांच्या दाराशी यंत्र ओढून आणले जाते ते आणि यंत्र जिथे अडून बसले असेल तिथे ज्यांना स्वतः जावे लागते ते, असे दोन वर्ग पूर्वापार आहेत. पैकी पहिल्या वर्गातील मनुष्याला हत्यारे टांगण्यास भिंत असते, मांडण्यास फळ्या असतात आणि एखादा पाना ऐन वेळी सापडेनासा झाला तर शेजारच्या दुकानी पिटाळण्यास एखादा पोरगाही असतो. माझी गणना दुसऱ्या वर्गात होते. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागांमधले ट्रॅक्टर, फवारणीचे ब्लोअर आणि क्वचित बागाइतदाराची मोटारसायकल ही माझ्या कामाची हद्द असून या हद्दीत माझे म्हणून जे काही आहे ते मोटारसायकलच्या मागील कॅरिअरवर ट्यूबच्या पट्टीने आवळलेल्या एका पेटीत आहे. तलाठ्याचे दफ्तर जसे त्याच्या काखेत, तसा माझा कारखाना माझ्या उजव्या हातात. म्हणून नव्याने हा धंदा धरणारी मुले ‘पेटी कोणती घ्यावी’ असे विचारतात तेव्हा त्यांना एका वाक्यात उत्तर देणे मला आजवर साधलेले नाही. दुकानदाराला मात्र ते सहज साधते. ‘ही घ्या, हिच्यात सगळे मावते,’ असे तो म्हणतो.

सगळे मावते हाच पुष्कळ पेट्यांचा मुख्य दोष होय. पोलादाच्या एका लिटर आकारमानाचे वजन पावणेआठ किलोंहून किंचित अधिक भरते, आणि पाच कप्प्यांची एकवीस इंची लोखंडी पेटी रिकामीच चार-पाच किलोंची असते. तीत जागा दिसते म्हणून मनुष्य हत्यारे भरीत जातो आणि वजन वीस-पंचवीस किलोंवर केव्हा पोहोचले हे त्याला घरच्या ओट्यावर उमगत नाही. ते उमगते बागेत. ऑक्टोबरातील गोडी छाटणी होऊन कोवळी फूट निघालेली असावी, परतीच्या पावसाने दोन दिवस झोडपून काढलेले असावे, डाऊनी रोगाच्या भयाने बागाइतदाराची झोप उडालेली असावी, आणि नेमका त्याच वेळी औषधाने भरलेल्या टाकीसह ट्रॅक्टर बागेच्या मध्यावर बंद पडावा, हा आमच्या हंगामाचा नित्यक्रम आहे. मोटारसायकल शिवाररस्त्यापर्यंत जाते. तेथून पुढे बांध, बांधापुढे काळ्या मातीचा चिखल, आणि चिखलापुढे मंडपाच्या तारांखालून कंबरेत वाकून चालण्याचा मार्ग. जोड्यांना लागलेली माती पावलागणिक वाढत असता, वाकलेल्या अवस्थेत, एका हाताला लोंबणाऱ्या ओझ्यासह ती वाट ज्याने चालली आहे, तो दुकानात गेल्यावर प्रथम पेटीची लांबी विचारीत नाही, मूठ पाहतो.

यजमानाचा समज मात्र उलटा असतो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण वैद्याची परीक्षा जगाने नेहमी त्याच्या बटव्याच्या आकारावरूनच केलेली आहे. ‘मिस्त्री, एवढीशीच पेटी? मोठी कुठं ठेवली?’ असे मला बांधावरच विचारले जाते. ‘मोठी घरी आहे, अण्णा. आधी दुखणं तरी बघू,’ असे मी म्हणतो, आणि अण्णा नाराजीनेच वाट दाखवितात. मोठी पेटी घरी खरोखरच आहे. परंतु बिघाड काय आहे हे फोनवर नीट विचारून घेऊन तीतले काय आज बरोबर न्यावे हे ठरविणे, हा माझ्या मते या धंद्यातील अर्धा मजुरीयोग्य भाग असून त्याची मजुरी मात्र कोणीच देत नाही.

तेव्हा पेटीच्या आधी जाबता करावा. जाबता म्हणजे हत्यारांची फर्द. ती कागदावर उतरल्यावाचून दुकानाची पायरी चढू नये. येथे नवख्या मनुष्याला पहिली अडचण येते ती मापांची, कारण आपल्या बागांतून फिरणारी यंत्रे निरनिराळ्या घराण्यांतली आहेत. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचे डोके युरोपीय वळणाच्या यंत्रावर १३चे असते, तर जपानी वळणाच्या यंत्रावर तेच १२चे. १० मिलिमीटरच्या बोल्टाला जुन्या जर्मन प्रमाणाप्रमाणे १७चा पाना लागतो, पुढे आलेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे १६चा, आणि जपान्यांच्या रिवाजाप्रमाणे १४चा. बागेत चालणारे छोटे ट्रॅक्टर पुष्कळसे जपानी पद्धतीचे, तर मागे जोडलेला ब्लोअर बहुधा १३ आणि १७ यांच्या दरबारातला, असा हा द्विभाषिक कारभार आहे. त्यात एखाद्या वाड्याच्या पडवीत जपून ठेवलेला जुना बी-२७५ निघाला म्हणजे तिसरीच भाषा सुरू होते. हा ट्रॅक्टर महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या १९६३ सालच्या भागीदारीच्या परंपरेतला. त्याचे नटबोल्ट इंची मापाचे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे १९चा पाना तेथे निमूट बसतो. सात-सोळांशाला ११चा चालून जातो. परंतु अर्धा इंच म्हणजे १२.७, आणि त्यावर १३चा पाना घालून जोर लावणाऱ्याने नटाचे सहाही कोपरे एका झटक्यात यजमानाला अर्पण केलेले मी पाहिले आहेत. नऊ-सोळांशावर तर १४चा चढत नाही आणि १५चा टिकत नाही. म्हणून मी अर्ध्या आणि नऊ-सोळांश इंचाचा एकच दुतोंडी पाना बाळगतो, बाकी इंची सरंजाम घरी.

या हिशेबाने जाबता पुष्कळ आटोपशीर होतो. ८ पासून १९ पर्यंतचे दुतोंडी पाने, १०, १२, १३, १४, १७ आणि १९चे रिंग पाने, त्याच मापांच्या गोट्या (म्हणजे सॉकेट) व एक २४ची, रॅचेट, दोन पेचकस, पक्कड, सर्क्लिपची पक्कड, एल-की, बेताची हातोडी, छिन्नी, फिलर गेज, टेस्ट लॅम्प. गोट्यांचा संच ज्या पत्र्याच्या डब्यात विकत मिळतो तो डबा घरी ठेवून, लागणाऱ्या तेवढ्याच गोट्या जाड तारेत क्रमाने ओवून घ्याव्यात. अंधारात चाचपून मोजता येतात. सर्क्लिपची पक्कड पुष्कळ मुले वगळतात, पण ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.पासून ब्लोअरपर्यंत जाणाऱ्या शाफ्टचा क्रॉस मिनिटाला ५४० फेऱ्या घेत असतो, तो झिजला म्हणजे त्याच्या कपावरची सर्क्लिप पेचकसाने उचकटताना डोळा आणि अंगठा दोन्ही पणाला लागतात.

एका हत्याराविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ते कोणत्याच दुकानात मला मनासारखे मिळालेले नाही. डिझेलमध्ये हवा शिरून इंजिन बंद पडले म्हणजे इंजेक्टरला जाणाऱ्या पाइपाचा नट सैल करून, इंजिन फिरवून, फेस निघून जाऊन निर्भेळ डिझेल उसळेपर्यंत वाट पाहावी लागते. हा नट बहुधा १७चा. त्यातून पाइप गेलेला असल्यामुळे रिंग पाना वरून घालता येत नाही, आणि उघड्या तोंडाचा पाना दोनच बाजूंना धरीत असल्यामुळे वारंवारच्या वापराने नट गोलावतो. यावर उस्ताद लोकांचा तोडगा असा, की जुना १७चा रिंग पाना घेऊन त्याच्या कड्याला पाइपाच्या जाडीएवढी फट पाडावी, तिच्या कडा कानशीने निमुळत्या कराव्यात, आणि फटीतून पाइप आत घेऊन कडे खाली नटावर उतरवावे. नटाचे पाच कोपरे तरी त्याच्या मिठीत येतात. कापताना फट दांड्याच्या समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवावी, म्हणजे जोर पडल्यावर कड्याची दोन टोके फाकत नाहीत. असा पाना पेटीत वरच्या कप्प्यातच ठेवावा.

आता पेटी. प्लॅस्टिकची पेटी हलकी आणि स्वस्त, हे निर्विवाद. पण तिच्या बिजागऱ्या त्याच प्लॅस्टिकच्या असतात, आणि वर्षभर कॅरिअरवर उन्हात राहिल्यावर तिची कडी एखाद्या दिवशी हातात येते आणि पेटी रस्त्यावर राहते. कॅनव्हासची गुंडाळी पान्यांसाठी उत्तम, मोटारसायकलच्या हादऱ्यांत ती खणखणतही नाही. मात्र एकदा भिजली की चार दिवस ओलच धरून बसते आणि पोटातल्या हत्यारांना गंज चढवते. राहिली दोन्ही अंगांना कप्पे उघडणारी लोखंडी पेटी. तीत तीन कप्प्यांची आणि पाच कप्प्यांची असे दोन प्रकार सर्रास मिळतात, आणि माझे मत निःसंदिग्धपणे तीन कप्प्यांच्या बाजूचे आहे. पाच कप्प्यांची पेटी उघडली म्हणजे पंख पसरून दुप्पट जागा घेते. बागेत ट्रॅक्टरचे चाक आणि वेलीचे खोड यांच्यामध्ये हात-दीड हात मोकळीक असते, तेथे तिचा एक पंख चाकाखाली आणि दुसरा चिखलात.

दुकानात ती तपासण्याची माझी रीत दुकानदारांना आवडत नाही. प्रथम मी रिकामी पेटी मुठीला धरून हलवतो. कप्प्यांना जोडणाऱ्या पट्ट्या रिव्हेटांवर खडखडल्या तर ती खाली ठेवतो, कारण आज जो खडखडाट आहे तो सहा महिन्यांच्या खडबडीत रस्त्यांनंतर अंतर होतो आणि कप्पा तिरका अडकून पेटी मिटेनाशी होते. मग एकाच बाजूचा कप्पा उघडून त्यात दुकानातलेच तीन-चार जड पाने ठेवतो. पेटी कलंडली तर बोलणे संपले. नंतर कप्प्याच्या काठावरून अंगठा फिरवतो. चांगल्या पेटीचा काठ आत दुमडलेला असतो, स्वस्त पेटीचा कापलेला तसाच सोडलेला असतो, आणि घाईत हात घालणाऱ्याची बोटे त्याने वर्षातून किती वेळा फाटतात याचा हिशेब किमतीच्या चिठ्ठीवर नसतो. पत्रा शक्यतो २० गेजचा असावा. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, २०चा सुमारे ०.९ मिलिमीटर तर २२चा ०.७, ही गोष्ट दुकानदार आपण होऊन सांगत नाही. अशी पेटी साधारण हजार-बाराशेपासून मिळू लागते. याहून अधिक ऐपत असेल तर ती रक्कम पान्यांवर खर्च करावी; आमच्याच नाशिकच्या सातपूर वसाहतीत तापरियाचा कारखाना आहे, १९६९ साली स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने त्यांनी पाने-पकडी घडविण्यास आरंभ केला, आणि त्यांचा पाना साध्या पेटीत ठेवला म्हणून कमी पकडीत नाही. दुकानी पेटी मनास येत नसल्यास तालुक्याच्या गावी ट्रंका आणि धान्याच्या कोठ्या करणारा पत्रेकारागीर गाठावा. तो तुमच्या रॅचेटच्या लांबीची पेटी करून देतो, आणि मूठ पेटीच्या मध्यावर न ठेवता भरल्या वजनाच्या तोलावर बसवून देतो, जे कोणताही कारखाना करू शकत नाही.

लोखंडी पेटीचा आमच्या भागातील खरा शत्रू पाऊस नसून मोरचूद आहे. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना या प्रमाणात बोर्डो मिश्रण होते. चुना कमी पडला आहे का हे पाहण्यासाठी बागाइतदार त्यात विळ्याचे पाते बुडवितो, आणि पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालतो. त्या थरात तांबे लोखंडाची जागा घेते आणि तेवढे लोखंड विरघळून जाते. नेमके हेच, विळ्याऐवजी माझ्या पेटीच्या बुडावर, टाकीखालच्या ओलीत ती तासभर ठेवली म्हणजे घडते. त्याकरिता नव्या पेटीच्या बुडाला बाहेरून रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावेत, त्यावर जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा डकवावा, आणि आतल्या बाजूसही तेच रबर अंथरावे; हत्यारांचा आवाज थांबतो हा वरचा लाभ. कापराची वडी कप्प्यात ठेवण्याचा प्रघात जुना असून उपयुक्त आहे, फक्त ती उडून जाते हे ध्यानात ठेवून बदलावी लागते.

पेटी मिटण्यापूर्वी जाबत्याची रुजुवात करावी लागते, आणि माझ्या दृष्टीने पेटीचा सर्वांत मोठा गुण हाच, की काय नाही हे तिने उघड दाखवावे. तळात सगळे एकत्र लोटलेल्या खोल पेटीत एक पाना कमी असला तरी ढीग तेवढाच दिसतो. उथळ कप्प्यात प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली असली, आणि ती जागा रबरावर खडूने आखलेली असली, तर १४चा रिंग पाना तेथे नाही हे मशालीच्या नव्हे, मोबाइलच्या उजेडातही दिसते. ही रुजुवात काटकसरीसाठी आहे असे कोणी समजू नये. राहिलेला पाना ब्लोअरच्या पंख्याच्या जाळीवर राहिलेला असू शकतो, किंवा गवतात पडून पुढच्या मशागतीला रोटाव्हेटरच्या पात्यांत जाऊ शकतो; मग पाते तुटते, गिअरपेटीला धक्का बसतो, आणि दुरुस्तीला येणाऱ्या मिस्त्रीला यजमान तुमचाच पाना पुरावा म्हणून दाखल करतो. झाकणाच्या आतल्या बाजूस जाबता लिहावयाचा तो शाईने लिहू नये, डिझेलच्या बोटांनी ती आठवड्यात पुसली जाते, ऑइलपेंटने लिहावा.

ऑइलपेंट तसाही लागतोच. बाजारातल्या बहुतेक पेट्या गडद रंगाच्या येतात, फवारण्या संध्याकाळी नि रात्री चालतात, आणि मंडपाखालच्या काळोखात मागे येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला गडद पेटी दिसत नाही. तेव्हा पिवळ्या रंगाचा लहान डबा पेटीच्याच खरेदीत धरून झाकण रंगवून घ्यावे. उरलेल्या रंगात प्रत्येक पान्याच्या दांड्यावर एकेक पट्टा मारून होतो, आणि हंगामाच्या गर्दीत दोन-तीन मिस्त्री एकाच ट्रॅक्टरवर जमले तर कोणता पाना कोणाचा याचा तंटा पंचांपर्यंत जात नाही.