फुगलेला आकडा

काचबिंदूत चेतातंतूंचा थर हळूहळू पातळ होत जातो आणि गेलेले तंतू परत येत नाहीत. त्यामुळे एखाद्या रुग्णाच्या ओसीटीत, म्हणजे दृष्टिपटलाचा छेद दाखवणाऱ्या तपासणीत, हा थर मागच्या वेळेपेक्षा जाड आला, धोक्याचा लाल भाग हिरवा झाला, की मी रिपोर्टचा कागद बाजूला ठेवते आणि संगणकावर मूळ छेद उघडते.

अशा वेळी कधी नेत्रनशीच्या तोंडाशी घडीच्या पोळीचे पदर सुटावेत तसे दृष्टिपटलाचे थर सुटलेले दिसतात. मधल्या काळ्या फटींत पाणी, आणि दोन्ही थरांना धरून उभे असलेले बारीक धागे. यंत्र वरच्या रेषेपासून खालच्या रेषेपर्यंत मोजतं. मधलं पाणीही तंतूंच्या खात्यावर जमा होतं. बऱ्याचदा हे पाणी काही महिन्यांनी आपोआप ओसरतं. मग आकडा एकदम कोसळतो, आणि फक्त आकडे पाहणाऱ्याला वाटतं, काचबिंदू झपाट्याने वाढला. अशा गैरसमजातून कुणाच्या डोळ्यावर विनाकारण शस्त्रक्रिया होऊ नये, याची मला मनापासून काळजी वाटते.

हेल्महोल्ट्झने 1851 मध्ये डोळ्यात आत डोकावायचं साधन दिलं, पण ते समोरून पाहणं. उथळ सुटलेले थर त्यातून सहज निसटत. 1991 मध्ये ओसीटी आलं आणि छेद दिसू लागला. थर का सुटतात, यावर अजून एकमत नाही: डोळ्याच्या दाबातले चढउतार, नशीच्या जाळीतली भोकं, आतल्या जेलीची ओढ. तंतू जिथे आधीच विरळ झालेत, त्या बाजूला मी जास्त वेळ थांबते.

“म्हणजे पडदा सरकला का हो, डॉक्टर?” थर सुटल्याचं ऐकून एक काका घाबरून विचारतात. नाही काका, पडदा जागेवर आहे, त्याच्या आतले थर सुटलेत. पडदा सरकतो तेव्हा तो खालच्या पोषण देणाऱ्या थरापासून उचलला जातो. अचानक चमका, काळे ठिपके, बाजूने चढणारी सावली दिसली तर त्याच दिवशी यायचं. आत्ता थेंब चुकवायचे नाहीत, दाब खाली ठेवायचा. पाणी दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूपर्यंत पोचलं, अक्षरं वाकडी दिसू लागली, तर मात्र रेटिनाच्या सर्जनकडे पाठवते. काहींना व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे आतली जेली काढण्याची शस्त्रक्रिया, लागते.

पाणी ओसरल्यावर काढलेला ओसीटी मी नवा पाया धरते. जुना फुगलेला आकडा तुलनेतून काढते आणि का काढला, ते केसपेपरवर लिहून ठेवते.