मँड आणि मागणं

वर्तन-विश्लेषणावरची पालकांसाठीची पुस्तिका मराठीत आणताना मी ‘मँड’पाशी अडले. स्किनरने १९५७च्या ‘व्हर्बल बिहेवियर’मध्ये रुजवलेला हा शब्द. ‘मागणी’ म्हटलं की बाजार आठवतो. ‘आज्ञा’ म्हटलं तर पाण्याकडे बोट दाखवणारं मुकं पोर निसटतं.

या अभ्यासकांची संघटना १९७४मध्ये अमेरिकेत उभी राहिली ती फक्त मिडवेस्टपुरती. काही वर्षांतच नावातून प्रदेश गळला, पुढे ‘इंटरनॅशनल’ जोडलं गेलं. (‘अखिल भारतीय’ संस्थांची सवय असलेल्या आपल्याला यात नवल नाही.) नाव जगभरचं झालं, परिभाषा मात्र इंग्रजीच राहिली. पुस्तिका वाचणार आहे ती जालन्याकडची आई.

मी ‘मागणं’ लिहिलं. देवापाशी करतात तेच. संपादकांना ते फार घरगुती वाटतंय.