नियम आठ

ए-क्लास कॅटमरान या दोन हलांच्या (सांगाड्यांच्या) शिडाच्या बोटीचे नियम मोजकेच आहेत. लांबी जास्तीत जास्त ५.४९ मीटर, रुंदी २.३० मीटर, डोलकाठी धरून शीड १३.९४ चौरस मीटर, वजन किमान ७५ किलो आणि बोटीवर एकच माणूस. बाकी सगळं बांधणाऱ्याच्या अकलेवर सोडलेलं. प्लायवूड जाऊन कार्बन फायबर आलं ते या मोकळिकीमुळेच. पण मी ही बोट चालवतो तो तिच्यावरच्या एका बंधनाच्या प्रेमात पडून.

बोटीने पाणी सोडून उडू नये म्हणून नियम आठ आला. हलमधून खाली पाण्यात उतरणारी पाती वरूनच घालायची आणि दोन्ही पात्यांच्या टोकांत किमान दीड मीटर अंतर राखायचं. म्हणजे पात्याला आत वळायला प्रत्येक बाजूला चाळीसच सेंटिमीटर उरले. उडण्याची वाट बंद झाली असं वाटलं, तर लोकांनी पातंच वाकवायला घेतलं. आधी सी, मग जे, मग झेड या अक्षरांच्या आकारात.

झेडचं टोक आत वळतं आणि किंचित वर चढतं. वेग आला की ते बोटीला उचलतं. बोट फार वर आली की पात्याचा उभा भाग पाण्यात कमी उरतो, वाऱ्याच्या रेट्याने ती जास्त आडवी सरकते, त्यामुळे टोकाला भिडणाऱ्या पाण्याचा कोन घटतो आणि ती आपोआप खाली येते. मॉथ या छोट्या उडणाऱ्या बोटीला उंची चाचपणारी दांडी लागते. इथे तीही नाही. एमिरेट्स टीम न्यूझीलंड या शर्यतीच्या चमूने २०१२ मध्ये आपली एसी-७२ ही मोठी कॅटमरान उडवली ती याच तत्त्वावर, आणि त्या चमूतला ग्लेन ॲशबी अनेकदा ए-क्लासचा विश्वविजेता झालेला.

तरी हाताचं काम उरतंच. सुकाणूंच्या तळाशी आडवे पंख असतात. त्यांचा कोन अर्धा अंश जरी चुकला, तरी ट्रॅपीझच्या दोरीवर बोटीबाहेर लोंबकळताना तळपायाला कळतं: मागची बाजू उचलली जाते, नाळ पाण्यात घुसायला बघते आणि मला मागे सरकावं लागतं. पात्याच्या धारेवर नखाला लागेल एवढा टवका उडालेला असला तरी तिथून हवा आत ओढली जाते आणि उचल एकदम जाते. म्हणून ओल्या पॉलिश पेपरने धार घासायचं काम मी दुसऱ्या कोणाला देत नाही.

उडणाऱ्या बोटी वाढल्यावर क्लासने ओपन (उडणाऱ्या) आणि क्लासिक (न उडणाऱ्या) असे दोन गट केले. फूट पडली म्हणून हळहळणारे आहेत. मला तो निर्णय योग्यच वाटतो. त्यामुळे जुन्या, उत्तम बोटी शर्यतीत टिकल्या. आणि वारा पडला की माझी झेड पाती नुसतं ओझं होतात, तेव्हा त्याच क्लासिक बोटी मला मागे टाकून निघून जातात.