बोटीनं गेलो, रखडत आलो!

क्रूझची जाहिरात एकदा नीट बघा. डेकवरचा निळाशार स्विमिंग पूल, हातात उंच ग्लास, मागे मावळतीचा सूर्य आणि केस उडवत हसणारी एक मुलगी. सगळं कसं एकदम सही! या जाहिरातीत एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे शेवटचा दिवस. बॅगा ओढत लाइनीत उभं राहणं, टॅक्सीची घासाघीस, प्लॅटफॉर्मवरची ‘असुविधा के लिए खेद है’ची रेकॉर्ड आणि सोमवार पहाटेची मीटर टाकलेली रिक्षा. हॉलिडे पॅकेजमध्ये ‘परतीचा प्रवास’ या शब्दांपुढे एकच ओळ लिहिलेली असते. प्रत्यक्षात तो तुमच्या सुट्टीचा एक अख्खा दिवस खातो.

मुंबई-गोवा क्रूझ आता काही फक्त श्रीमंतांची गोष्ट राहिलेली नाही. ऑफिसचा ग्रुप, हनिमून, आईबाबांची ॲनिव्हर्सरी, सगळ्यांसाठी लोक जातात. बहुतेक जण जाऊन-येऊन बोटीनंच करतात. काही जण मात्र जाताना समुद्र आणि येताना ट्रेन असा बेत आखतात. एप्रिलअखेर आम्हीही तेच केलं. आम्ही म्हणजे मी आणि आई.

क्रूझ नको, बोट हवी

आईची साठी होती. काय हवं विचारलं तर म्हणाली, “मला एकदा बोटीनं जायचंय.” क्रूझ हा शब्द तिनं वापरलाच नाही. तिचं माहेर मालवणचं. आपल्या पिढीला कोकणात जायचं म्हणजे रेल्वे नाहीतर हायवे. पण कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ मध्ये. त्याच्या आधी मुंबईचा चाकरमानी एसटीनं तरी जायचा, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं. सत्तरच्या दशकात आई आठवी-नववीत असताना या मार्गावर ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी होत्या. धक्क्यावरून निघायचं, डेकवर सतरंजी पसरून जागा अडवायची, ट्रंकेला टेकून झोपायचं. बंदरं घेत घेत बोट पणजीला जायला जवळजवळ एक दिवस लागायचा. पावसाळ्यात बोट बंद.

मालवणला तर बोट धक्क्याला लागायचीच नाही. खडक फार. ती बाहेर उभी राहायची आणि माणसं पडावात उतरायची. लाट वर आली की खालचा खलाशी ओरडायचा, “टाक पाय!” त्या क्षणी पाय टाकायचा. चुकलात तर पुढच्या लाटेची वाट बघा. आई हे अजूनही हाताचे हावभाव करून सांगते. रेल्वे यायच्या कितीतरी आधी ही बोट बंद पडली आणि समुद्रातून मालवण बघायचं तिचं राहून गेलं ते गेलंच.

क्रूझवर धमाल होती, प्रश्नच नाही. जेवण, लाइव्ह म्युझिक, जादूचे प्रयोग. आईनं पहिल्यांदाच कसिनो आतून पाहिला आणि ‘इथे एवढा उजेड कशाला?’ असं विचारून बाहेर आली. पण गोव्याकडे जाताना ती पहाटे साडेचारला उठून, शाल गुंडाळून डेकवर जाऊन उभी राहिली. किनाऱ्याच्या बाजूला नुसता काळोख. एवढं मोठं जहाज किनाऱ्यापासून बरंच आतून जातं. लांबवर एक दिवा लुकलुकला. “देवगडचा असेल,” आई म्हणाली. त्यानंतर काहीच नाही. उजाडलं तेव्हा आम्ही गोव्याजवळ होतो.

नंबर लागेपर्यंत बसून राहा

रविवारी सकाळी मुरगावला उतरायचं. लोहखनिजासाठी ओळखलं जाणारं हे बंदर, त्यामुळे स्वागताला नारळाची झाडं वगैरे नव्हती, क्रेन होत्या. उतरण्याची पद्धत अशी की मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच केबिनच्या दारात ठेवायच्या. सकाळी आपला नंबर पुकारेपर्यंत लाउंजमध्ये बसून राहायचं. दोन दिवस ‘मॅम, मॅम’ करून ज्यूस आणून देणारे आता अत्यंत गोड आवाजात ‘प्लीज वेट’ म्हणत होते. आमचा नंबर नऊचा होता, प्रत्यक्षात उतरलो सव्वाअकराला. जमिनीवर पाय ठेवला आणि जमीनच डोलायला लागली! घाबरू नका, दोन दिवस पाण्यावर काढल्यावर अनेकांना असं होतं. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा बोटीला सरावलेली असते, तिला परत यायला थोडा वेळ लागतो.

मडगावसाठी टॅक्सी मिळेपर्यंत आणखी अर्धा तास गेला. गाडी साडेबाराची. मी सारखी घड्याळ बघत होते. टॅक्सीवाले अंकल मात्र निवांत. बोलता बोलता कळलं, ते स्वतः तारवटी. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात आणि तिथल्या कितीतरी घरांत एखादा तरी सापडतोच. अंकलनी एकवीस वर्षं परदेशी क्रूझच्या किचनमध्ये काढली. आठ-नऊ महिन्यांचं काँट्रॅक्ट, मग दोन महिने घरी, मग परत.

“शेवटचं काँट्रॅक्ट मार्च २०२० मध्ये संपत होतं,” ते म्हणाले. पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. कोविडमध्ये जगभरातली बंदरं बंद झाली. प्रवासी कसेबसे उतरवले गेले, पण हजारो कर्मचारी जहाजांवर अडकले. त्यात गोव्याचे खूप होते. एप्रिल २०२० मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ हे जहाज मुंबईबाहेर उभं होतं. त्यावरच्या जवळपास दीडशे भारतीय कर्मचाऱ्यांना उतरायची परवानगी मिळायला बरेच दिवस लागले, तेव्हा ती मोठी बातमी झाली होती. अंकलचं जहाज मात्र दुसऱ्याच समुद्रात होतं. एका रिकाम्या पॅसेंजर केबिनमध्ये एकटे, दिवसातून दोनदा ताप मोजायचा आणि बाल्कनीतून समोरचं बंदर बघायचं. ते घरी पोचले जूनच्या शेवटी. धाकटीची पहिली कम्युनियन राहिली, सासूबाई गेल्या.

“समोर लाइट दिसायचे, पण उतरता यायचं नाही,” एवढंच बोलून त्यांनी हॉर्न वाजवला. मी घड्याळ बघायचं बंद केलं. मागच्या सीटवर आई एकदम गप्प होती.

एकच रूळ, बॉस!

मडगावला पोचलो तेव्हा बारा वीस झाले होते. धावत प्लॅटफॉर्म गाठला आणि कळलं, गाडी मागूनच लेट आहे. सुटली दोन वाजून दहा मिनिटांनी.

इथे थोडी टेक्निकल माहिती, कारण ही कळली की रखडण्याचा अर्धा राग जातो. कोकणातला हा मार्ग बहुतांश एकेरी आहे. दुहेरीकरण झालंय ते रोहा ते वीर या पट्ट्यात, २०२१ मध्ये. बाकी सगळीकडे एकच रूळ. समोरून गाडी आली की दोघींपैकी एकीनं स्टेशनात बाजूच्या लाइनवर जाऊन थांबायचं. यालाच क्रॉसिंग म्हणतात. मागून वेगवान गाडी आली तर तिलाही वाट द्यायची. वेळेवर धावणाऱ्या गाडीची क्रॉसिंग्ज आधीच बसवलेली असतात. एकदा उशीर झाला की ते गणित बिघडतं आणि मग प्रत्येक ठिकाणी तुमचाच नंबर शेवटचा. त्यातच मालगाड्या आणि ‘रो-रो’, म्हणजे भरलेले ट्रक सरळ वॅगनवर चढवून नेणारी गाडी. ही आयडिया कोकणात १९९९ पासून चालू आहे. एरवी बघायला मजा येते. पण आपण थांबलेलो असताना पन्नास ट्रक ऐटीत बसून पुढे जाताना बघणं जरा जड जातं!

समोरच्या सीटवर चार आयटीवाले होते. सोमवारी साडेनऊला त्यांची मीटिंग. चौघांनी चार ॲप उघडून ठेवली होती आणि चारही ॲप वेगवेगळी वेळ दाखवत होती. लॅपटॉप उघडला की बोगदा यायचा आणि नेटवर्क जायचं. या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. त्यांचं काम किती झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

पाऊण तासाचं माहेर

पावणेचारला गाडी सिंधुदुर्ग स्टेशनात शिरली आणि थांबली. एक क्रॉसिंग, मागून ‘वंदे भारत’, मग पुन्हा एक क्रॉसिंग. खाली उतरून चौकशी केलेल्या एका काकांनी जाहीर केलं, “निवांत बसा. पाऊण तास तरी हलत नाही.”

डब्यात एकच ओरडा झाला. आईनं मात्र पर्समधून फोन काढला. “ताई, मी सिंधुदुर्ग स्टेशनात आहे. गाडी थांबलीय.”

माझी मोठी मावशी कसालला राहते, स्टेशनपासून जवळच. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. मुंबईला येणं तिनं सोडून दिलंय. आई जाणार जाणार म्हणता आधी लॉकडाउन, मग बाबांचं आजारपण, मग माझ्या भावाचं लग्न. फोन रोज व्हायचा, पण दोघी भेटल्या नव्हत्या त्याला सहा वर्षं झाली होती. दोन दिवसांच्या सुट्टीत हे कुठे बसणार, म्हणून या वेळीही कोणी विषय काढला नव्हता.

वीस मिनिटांनी स्टेशनाबाहेर रिक्षा थांबली. मावसभावाच्या खांद्यावर हात टाकून मावशी प्लॅटफॉर्मवर आली. गाऊनवरच ओढणी घेतलेली, हातात कापडी पिशवी. आई डब्यातून अशी उतरली की मला तिला ‘हळू’ म्हणायलाही वेळ मिळाला नाही.

“सहा वर्सां झाली गो!” एवढंच मावशी म्हणाली. मग दोघी सिमेंटच्या बाकावर बसल्या. मी मध्ये गेले नाही. मधूनमधून इंजिनाकडे बघत होते.

“बोटीतसून मालवण दिसलां काय?” मावशीनं विचारलं.

“नाय गो. काळोख होतो.”

मग दोघींना त्या जुन्या बोटीची आठवण झाली. एकदा मालवणला उतरताना आईची चप्पल पाण्यात पडली होती आणि मावशीनं आपली एक तिला दिली होती. घरापर्यंत दोघी एकेका चपलेवर लंगडत गेल्या. ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. आई हसता हसता डोळे पुसत होती. ‘वंदे भारत’ धाडधाड निघून गेली, दोघींनी मान वर करूनही पाहिलं नाही. सिग्नल पडल्याचं मी सांगायला गेले तर मावशी म्हणाली, “गाडी सुटली तर सुटांदे. घराक चल.”

आई उठली, पण पटकन नाही. पिशवीत दुपारचे घावणे, खोबऱ्याची चटणी, सोलं आणि आढीतले अर्धे पिकलेले बारा हापूस होते. गाडी हलली तेव्हा मावशी हात हलवत नव्हती. नुसती बघत उभी होती, मावसभावाच्या दंडाला धरून.

घावणे आयटीवाल्यांसकट सगळ्यांनी संपवले. त्यांच्यापैकी एकानं आईला विचारलं, “काकू, क्रूझ कशी होती?” आई म्हणाली, “छान होती. जेवण फार देतात.”

रत्नागिरीच्या अलीकडे पानवलचा पूल आला तेव्हा संधिप्रकाश होता. चौसष्ट मीटर उंच. खाली बघवत नाही. पुढे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, मग काळोख, मग सावर्डे, चिपळूण, खेड. प्रत्येक ठिकाणी थोडं थांबत, थोडं हलत. चिपळूणला एक आयटीवाला मॅनेजरला सांगत होता, “सर, नेटवर्क इश्यू आहे.” या वेळी ते खरं होतं. ठाण्याला दहाला पोचणारी गाडी पावणेतीनला पोचली. आई पिशवी मांडीवर घेऊन जागीच होती. मुलुंडला घरी शिरल्यावर तिनं आधी हापूस पेपरवर मांडले, मग तोंड धुतलं, मग मावशीला मेसेज टाकला. मावशीचा लगेच रिप्लाय आला. तीही जागीच होती.

दिवाळीनंतरची मालवणची तिकिटं काढून झाली आहेत. कसालला चार दिवस. बोटीनं नाही, ट्रेननंच.

परतीचं प्लॅनिंग करताना

- उतरायची छापील वेळ आणि पुढची ट्रेन किंवा विमान यांत किमान चार-पाच तास ठेवा.
- मोठ्या बॅगा आदल्या रात्री जातात. औषधं, चार्जर, ओळखपत्र आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत ठेवा.
- क्रूझचं बिल आदल्या संध्याकाळीच तपासा. सकाळी त्या काउंटरवर मोठी लाइन असते.
- पाण्याची बाटली आणि सुका खाऊ बरोबर असू द्या. क्रॉसिंगला गाडी छोट्या स्टेशनात थांबते, तिथे स्टॉल असेलच असं नाही.
- ऑफिसला सोमवारची सुट्टी आधीच टाका.
- मार्गावर कोण कोण आपलं राहतं, ते निघण्याआधी आठवून ठेवा आणि फोन चार्ज ठेवा.