परवान्याची बंदूक

मांडव्याच्या धक्क्यावरून किनारा धरून दक्षिणेकडे निघाले की सासवणे, आवास, किहीम अशी नारळी-पोफळीत दडलेली गावे मागे पडत थळ लागते, आणि थळसमोर खांदेरी-उंदेरीची दोन बेटे दिसतात. या पाण्यातून तीनशे वर्षांपूर्वी जाणाऱ्या व्यापारी गलबताला कान्होजी आंग्र्यांचे दस्तक घ्यावे लागे. दस्तक असेल त्याला सरखेलांचे अभय आणि नसेल त्याला अटकाव, असा तो रोकडा व्यवहार होता. आणि ईस्ट इंडिया कंपनीने तो मानण्याचे नाकारले म्हणून मुंबईकर इंग्रज आणि कुलाबकर आंग्रे यांच्यात वर्षानुवर्षे तोफा धडधडत राहिल्या. इंग्रजांच्या दप्तरात कान्होजींची नोंद चाचा म्हणून झाली. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. हत्यार कोणी बाळगावे आणि कोणाच्या अनुज्ञेने, हा प्रश्न या मुलखाला असा फार जुना आहे; आणि त्या काळी परवाना देणारे हात इकडचे होते, तो झिडकारणारे तिकडचे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

१८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले, आणि त्यानंतर चाळीस वर्षे उलटण्यापूर्वीच देणारा आणि मागणारा यांच्या जागा पुरत्या बदलल्या. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या अमदानीत हत्यारांचा कायदा झाला. त्याच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही झाला होता. तो रिपनच्या कारकिर्दीत रद्द झाला, परंतु हत्यारांचा कायदा स्वराज्य आल्यावरही १९५९ चा नवा कायदा होईपर्यंत जिवंत राहिला. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध ठराव होत, त्यामागचे शल्य नीट समजून घेतले पाहिजे. रयतेला कलेक्टर कचेरीत अर्ज करावा लागतो, एवढेच ते शल्य नव्हते. त्याच रस्त्याने जाणाऱ्या गोऱ्या माणसाला तो अर्ज करावा लागत नव्हता, सरकारच्या लेखी तो उपजतच विश्वासपात्र होता आणि आपण उपजतच संशयित होतो, ही ती जखम होती. कायद्याच्या पुढच्याच वर्षी मांडव्याच्याच जिल्ह्यातल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड उभारले. त्या बंडाची मुळे दुष्काळात आणि रयतेच्या हलाखीत होती, या कायद्यात नव्हती. तथापि निःशस्त्र केलेल्या देशात मूठभर माणसांनी तलवारी-बंदुका जमवून उठावे आणि त्यांचा नायक १८८३ साली एडनच्या तुरुंगात मरावा, या घटनेने पुढच्या कित्येक पिढ्यांच्या मनात हत्यार आणि स्वातंत्र्य यांची सांगड पक्की बसवली.

अशीच सांगड अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांच्याही मनात बसली होती. १७७५ साली राजाचे सैनिक कॉन्कर्ड गावचा दारूगोळा जप्त करायला निघाले आणि त्यातून युद्धाला तोंड फुटले. ती आठवण ताजी असताना, १७९१ मध्ये, त्यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क आपल्या संविधानात गोवला, आणि २००८ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घरात पिस्तूल ठेवणाऱ्या एकेका व्यक्तीचा हक्क आहे असा निर्णय दिला. माझा भाचा टेक्सासात राहतो. "मामा, इथे बंदुकीची नुसती नोंद करा म्हटले तरी माणसाला आपले मतच कोणी काढून घेतल्यासारखे वाटते," असे तो मला सांगतो, आणि तो हे टवाळीने सांगत नाही. त्याचे शेजारी सज्जन आहेत, अडीअडचणीला धावून येणारे आहेत. परंतु त्याच राज्यात २०२२ च्या मे महिन्यात युवाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका अठरा वर्षांच्या एका तरुणाच्या गोळ्यांना बळी पडल्या, आणि ती बंदूक त्याने कायद्याचे काहीही न मोडता विकत घेतली होती. ज्या स्वातंत्र्याची किंमत बाकावर बसलेल्या मुलांना चुकवावी लागते, ते मला स्वातंत्र्य म्हणून पत्करता येत नाही. भाच्याच्या शेजाऱ्यांविषयी मनात पूर्ण आदर ठेवूनही येत नाही.

अपमान एकाच जातीचा असूनही दोन राष्ट्रांनी त्यातून असे दोन निष्कर्ष का काढले, याचे उत्तर आपल्या संविधान सभेत सापडते. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला होता, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. आणि १९४८ च्या डिसेंबरात हरि विष्णु कामत यांनी तो हक्क संविधानात घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परकी सरकारने निःशस्त्र केलेल्या लोकांची मागणी स्वतंत्र राष्ट्राला तशीच्या तशी लागू पडत नाही, असा हक्क चोराचिलटांनाही मिळेल, आणि संकटकाळी राष्ट्रासाठी शस्त्र उचलणे हे नागरिकाचे कर्तव्य मानावे, हक्क नव्हे, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ होता. हे उत्तर वाचताना मला याच जिल्ह्यातले महाड आठवते. १९२७ च्या मार्चात चवदार तळ्याचे पाणी प्याल्याबद्दल तिथे सत्याग्रहींची डोकी फोडण्यात आली. त्या सत्याग्रहींत पलटणीत चाकरी केलेली, बंदुकीची सवय असलेली माणसे होती, आणि बाबासाहेबांनी त्यांना प्रतिकारापासून आवरले. ज्या समाजात गावकीचे बळ आधीच विषम वाटलेले आहे, तिथे हत्यार मोकळे सोडले तर ते प्रथम कोणाच्या हाती जाईल आणि कोणावर रोखले जाईल, हे त्यांच्याइतके जवळून कोणी पाहिले होते?

याचा अर्थ आपल्याकडे बंदुकीशी जिव्हाळ्याचे नाते नाही असा नव्हे. कोडगूमध्ये कोडव लोकांना आजही परवान्यावाचून बंदूक ठेवता येते आणि कैलपोढच्या सणाला ती फुले वाहून पुजली जाते. मांडव्याच्या वरच्या अंगाला, कनकेश्वराच्या डोंगराकडे ज्यांची शेते आहेत, अशा माझ्या ओळखीच्या एका वृद्ध शेतकऱ्याकडे, आबांकडे, वडिलार्जित ठासणीची बंदूक आहे, आणि खंडेनवमीला ती विळा, कोयता आणि नांगराच्या फाळाशेजारी पाटावर मांडलेली असते. ती भरताना मी पाहिली आहे. आधी नळीत दारू ओतायची, मग चिंध्यांचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा, आणि शेवटी घोड्याखाली टोपी बसवायची. एवढा सोपस्कार होईपर्यंत रागाच्या भरात आलेला माणूस शांत होऊन जाईल. "रानडुकराला लागत नाही हो, आवाजाने पळतं," असे आबा म्हणतात. परवान्याचे जीर्ण पुस्तक त्यांनी मेणकापडात गुंडाळून ठेवले आहे, आणि त्यातला प्रत्येक नूतनीकरणाचा शिक्का ते बोट ठेवून दाखवतात, तेव्हा सरकारने आपल्यावर ठेवलेल्या भरवशाचा तो दाखला ते दाखवीत असतात.

किनाऱ्यावर सरकारने सावध असू नये असे मी म्हणत नाही. १९९३ च्या आरंभी याच जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीला स्फोटके आणि हत्यारे उतरली आणि मार्चात मुंबई हादरली. २०२२ च्या ऑगस्टात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक निर्मनुष्य नौका लागली आणि तिच्यात तीन एके-४७ बंदुका सापडल्या, तेव्हा जिल्हाभर नाकाबंदी झाली. पुढे कळले की ती भरसमुद्रात बंद पडलेली परदेशी नौका होती. तिच्यावर बंदुका असणे ही तिच्या मालकांच्या दृष्टीने प्रवासाच्या तयारीतली एक बाब असेल. आम्ही मात्र त्या रात्री दारे लावून बसलो.

माझी तक्रार निराळी आहे. १९५९ च्या कायद्याच्या तेराव्या कलमात पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा असे म्हटले आहे, आणि पिस्तुलासारख्या हत्यारासाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते. म्हणजे कायद्याने शेतकऱ्याची गरज आधी ओळखली आहे. व्यवहारात कमरेला पिस्तूल हे प्रतिष्ठेचे चिन्ह झाले, आणि शेतकऱ्याचा अर्ज मात्र टेबलाटेबलांवर मुक्काम करीत राहिला, तर लिटनच्या कायद्यातला भेद कातडीचा रंग सोडून दुसऱ्या वेषात परत आला असे म्हणावे लागेल. त्यात निवडणुकीची भर पडते. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा होतात. महाराष्ट्रात विधानसभेसाठी मतदान २०१४ आणि २०१९ मध्ये ऑक्टोबरात झाले आणि २०२४ मध्ये नोव्हेंबरात. आणि कोकणातला भात कणसाला येऊन कापणीला लागतो तो नेमका याच दिवसांत. डुकरे रात्री डोंगरावरून उतरतात, आणि आबा पत्र्याचा डबा बडवीत बांधावर बसतात. कोणाचे हत्यार जमा करायचे आणि कोणाचे ठेवायचे, याची माणसागणिक छाननी करण्यासाठी समिती नेमलेली असते. तिने परवानाधारकांची यादी समोर घेतली की गुन्ह्यांच्या नोंदीबरोबर त्या माणसाचा सातबाराही मागवावा, आणि त्यावर उभे पीक असेल तर कापणी होईपर्यंत ठासणीची बंदूक त्याच्या घरी राहू द्यावी.